दहा सोबत्यांची मसलत

ज्युबिलीच्या प्रसंगी धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना मंदिराची पायाभरणी, घंटा व धर्मगुरूंची नामावळी यांस मानाचे स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु चार माणसे एकत्र बसून निर्णय कसा घेतात, आधी कोण बोलतो, मतभेद झाल्यास काय करतात, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. अशी एक नोंद इ. स. १५३९ सालची उपलब्ध आहे. ज्या मंडळींची ती आहे, त्यांतील एक पुढे आमच्या गोव्यास व १५४४ साली वसईसही आले. म्हणून तिचा वृत्तांत येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

पॅरिसच्या विद्यापीठात जुळलेली ही मैत्री. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रत घेतले, तेव्हा त्यांत एकटे पीटर फेबर हेच धर्मगुरू होते. १५३९ पर्यंत सोबती दहा झाले. कोणी स्पेनचे, कोणी पोर्तुगालचे, कोणी फ्रान्सचे, कोणी सॅव्हॉयचे. इग्नेशियस सर्वांत वडील. तथापि अधिकार कोणाचाच नव्हता. इटलीत विखुरलेले असता मुख्यपण पाळीपाळीने सांभाळले जाई. आता पोप तिसरे पॉल त्यांस निरनिराळ्या दिशांस धाडू लागले. दोघांस सिएना शहरी जाण्याची आज्ञा झाली, आणि प्रश्न उभा राहिला : वाटा फुटल्यावर हा संघ राहणार, की मोडणार?

संघ मोडू नये, यावर लवकरच एकमत झाले. खरी अडचण पुढे आली. आपल्यापैकीच एकाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घ्यावे काय? पुष्कळ दिवस प्रार्थना व विचार करूनही उलगडा होईना. कोणी म्हणाले, तीस-चाळीस दिवस एकांतात जाऊ. कोणी म्हणाले, तिघाचौघांस सर्वांच्या वतीने पाठवू. दोन्ही सूचना मागे पडल्या. रोममध्येच राहावयाचे, दिवसा लोकांची सेवा चालू ठेवावयाची व आपला विचार रात्रीच्या बैठकीत मांडावयाचा, असे ठरले. कारण ही मंडळी पळाली असा बोभाटा होऊ नये, आणि हातचे कामही बुडू नये.

त्यांनी घालून घेतलेले नियम आम्हांस फार शहाणपणाचे वाटतात. बैठकीपूर्वी या विषयावर कोणी कोणाशी बोलावयाचे नाही, कोणाचे मत वळवावयाचे नाही. प्रत्येकाने आपण जणू या मंडळीतले नव्हेच, असे समजून विचार करावयाचा. मग एके दिवशी सर्वांनी केवळ प्रतिकूल कारणे सांगावयाची व दुसऱ्या दिवशी सर्वांनी केवळ अनुकूल. म्हणजे दोन तट पडण्यास जागाच राहिली नाही. व्रताची ज्यास ओढ होती त्यासही त्यातील दोष शोधावे लागले. जो मोठ्याने बोलतो त्याचीच बाजू खरी ठरते, असा अनुभव ज्या वाचकास आपल्या सभांतून आला नसेल, तो भाग्यवान!

प्रतिकूल बाजूने निघालेली कारणे लहान नव्हती. आज्ञापालनाचे नावच तेव्हा लोकांत बदनाम झाले होते. पोप कदाचित एखाद्या जुन्या संघाचे नियम आपल्यावर लादतील, अशीही धास्ती होती. अनुकूल कारणांतील एक मात्र अगदी घरगुती आहे : आज्ञा करणारा कोणी नसला म्हणजे ओझे जो तो दुसऱ्यावर ढकलतो, आणि हे आपण अनुभवले आहे, असे त्यांनी लिहून ठेविले. अखेर कोणाचाही विरोध न उरता होकार ठरला. सर्व मसलत २४ जूनपर्यंत चालली.

२७ सप्टेंबर १५४० रोजी पोपसाहेबांची मान्यता मिळाली. निवडणूक एप्रिल १५४१ मध्ये झाली. रोममध्ये सहाच जण हजर होते. मतपत्रिका लिहून तीन दिवस बंद ठेविल्या होत्या. फ्रान्सिस झेवियर यांनी रोम सोडण्यापूर्वीच आपले मत मोहोरबंद करून ठेविले होते : इग्नेशियस, व त्यांच्या मागे फेबर. ते लिस्बनहून हिंदुस्थानास निघाले तो आठवडा आणि मते उघडली तो आठवडा एकच होय! एकाचे मत आलेच नाही. बाकी सर्वांनी इग्नेशियस यांस निवडले. त्यांनी स्वतः, आपणास वगळून ज्यास अधिक मते पडतील त्यास, असे लिहिले होते. त्यांनी नकार दिला व पुन्हा मते घेविली. निकाल तोच लागला. तरीही ते तीन दिवस एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंपाशी पापनिवेदन करीत राहिले, आणि त्यांनी सांगितले तेव्हाच पद स्वीकारले.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेस गेलेल्या तिघांस १५४६ मध्ये त्यांनी जी सूचना धाडली, तीत जुनीच रीत दिसते : बोलण्यास मंद व ऐकण्यास तत्पर असावे, रोज रात्री तासभर एकत्र बसावे, एका रात्री एकाने आपले दोष इतरांस विचारावे, व खुलासा मागितल्याखेरीज उलट बोलू नये.

रोम आणि गोवा यांमध्ये मात्र रात्रीची बैठक कोठून असणार? तेथे पत्रे होती, आणि एका पत्राच्या उत्तरास वर्षे लागत. १५४६ साली आंबोईना बेटावरून झेवियर लिहितात, की सोबत्यांनी पत्राखाली स्वहस्ते लिहिलेली नावे कापून घेऊन ती आपण सदैव जवळ बाळगतो. २८ जून १५५३ रोजी इग्नेशियस यांनी त्यांस युरोपात परत येण्याची आज्ञा लिहिली. झेवियर यांनी चीनच्या किनाऱ्यालगतच्या सान्सियन बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजीच देह ठेविला होता. ती वार्ता रोमला अद्याप पोहोचली नव्हती.