फोटोग्राफराचा कांचेवरचा धंदा

मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदी समुद्राला मिळते. तेथें एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास खाडी अशा चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर देवबाग हें गांव वसलें आहे. दोहोंकडे पाणी, डोईवर माड. आज येणारा प्रवासी खिशांतला मोबाईल काढतो आणि क्षणांत संगमाचें चित्र टिपतो. याच किनाऱ्यावर दीडशें वर्षांपूर्वीं कोणी फोटोग्राफर आला असता, तर त्याला सर्वांत आधीं निराळाच प्रश्न पडला असता : गोडें पाणी कोठें मिळेल?

१८५१ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कांचेची रीत प्रसिद्ध केली. कांचेवर कलोडियन हें चिकट द्रव्य पसरावयाचें, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावयाचें आणि लगेच अंधारांत तें उमटवावयाचें. सारा अवकाश दहा-पंधरा मिनिटांचा. कांच वाळली कीं मेहनत फुकट! म्हणून तंबू, बाटल्या, कांचा आणि पाण्याच्या घागरी असें बिऱ्हाड घेऊन फोटोग्राफराला हिंडावें लागे. समुद्राचें पाणी चांदीच्या क्षारांत पडलें कीं दह्यासारखा पांढरा साका धरतें. तें या कामीं निरुपयोगी. तेव्हां विहिरीच्या मालकाशीं गोड बोलतां येणें हें या विद्येचें एक अंगच म्हणावयाचें. त्याच क्षारानें बोटें काळीं पडत आणि तो डाग धुऊन जात नसे.

मुंबईंत ही विद्या लवकर रुजली. १८५४ सालीं बाँबे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते. हें घराणें गोव्यांतील मांद्र्याचें, म्हणजे मालवणच्या खालच्या किनाऱ्यावरचें. पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं मुंबईंत स्वतःचा स्टुडिओ थाटला. मुंबईंत श्रीमंत गिऱ्हाईक होतें. लहान गांवांत दुकान मांडणाऱ्याला तें कोठून मिळणार?

शिवाय त्याची खरी कसोटी रसायनांपेक्षां माणसांत लागे. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके यांनीं तरुणपणीं गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा मांडला होता. १९०० सालच्या प्लेगानें त्यांची पत्नी व मूल हिरावून नेलें. मग त्यांनीं बडोद्यास पुन्हां दुकान घातलें, तों कॅमेरा माणसाच्या अंगांतली शक्ति शोषून घेतो व त्यामुळें माणूस दगावतो, अशी आवई शहरभर उठली आणि धंदा बसला. लोकांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण प्लेगाचे दिवस ताजे असतां, काळ्या कापडाखालीं डोकें घालून आपल्यावर भिंग रोखणाऱ्या परक्या माणसाची धास्ती वाटली, यांत नवल तें काय? फाळक्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले आणि १९०३ सालीं पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरली.

कोंकणांत ही धास्ती जाण्यास निकड कारण झाली. घरचा कर्ता मुंबईच्या गिरणींत, बायकामुलें गांवीं. बाप मुलाला ओळखी तो फोटोवरून आणि मूल बापाला तसेंच. चाकरमानी गणपतीला घरीं येई, तेवढ्या चार दिवसांत सारें कुटुंब एका चौकटींत बसवावयाचें. पण भाद्रपदांत पाऊस सरलेला नसे. एकीकडे गिऱ्हाईक दाराशीं उभें, दुसरीकडे ऊन नाहीं. आणि त्या काळचा कागद तर उन्हांत ठेवूनच छापावा लागे! कारखान्यांत तयार झालेल्या कोरड्या कांचा आल्यावर तंबूची यातायात टळली खरी. तथापि त्यांवरचा सरसाचा थर उष्ण पाण्यांत सुटे, म्हणून धुण्याचें काम रात्रीं, विहिरीच्या थंड पाण्यानें. मूल हललें तर ती कांच फोटोग्राफराच्या अंगावर पडे. पुढें पेन्सिलीनें देवीचे व्रण पुसावयाचे, मग प्रत काढावयाची. आणि पैसे मात्र मुंबईहून मनीऑर्डर येईल तेव्हां.

अशा माणसाची ठेव म्हणजे जुन्या कांचा. घरांत कोणी वारलें कीं नातलग येत व जुन्या फोटोंतला तेवढाच चेहरा मोठा करून मागत. म्हणून नंबर घातलेल्या कांचांच्या पेट्या तो माळ्यावर जपून ठेवी. तो स्वतः गेल्यावर मात्र त्या जड पेट्या घरच्यांना अडचणीच्या वाटत. कितीएक ठिकाणीं कांचेवरचा थर गरम पाण्यानें खरवडून काढण्यांत आला आणि ती स्वच्छ कांच देवादिकांच्या तसबिरींच्या चौकटींसाठीं विकली गेली.