टाकलेल्या वस्तूचे धनी

टाकून दिलेल्या वस्तूचा जो प्रथम ताबा घेई तो तिचा धनी, हे रोमन विधीतील तत्त्व आम्ही वकील मंडळी जाणतो. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात गोरगरिबांनी ते न वाचताच आचरिले आहे. पाण्याच्या मोठ्या बाटलीचे झाकण हा चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट मानून तेथील मुले ‘बितिया’ खेळतात. तेलाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याला खिळ्याने टोचे पाडून ‘ग्विरा’ हे वाद्य घडते. त्याच्या तालावरील मेरेंगे एकेकाळी उच्चभ्रूंना गावंढळ वाटे. हुकूमशहा त्रुहियोने (१९३०–१९६१) त्याला राजमान्यता दिली, २०१६ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात नोंदविले. वारसा राष्ट्राचा ठरला. परंतु तो डबा प्रथम उचलणाऱ्या हाताचा हक्क कोणत्या दप्तरात नोंदला आहे, असे आम्ही विचारतो.