भूऔष्णिक ऊर्जा

भूऔष्णिक ऊर्जा म्हणजे पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेपासून मिळणारी ऊर्जा होय. भूकवचात तापमान दर किलोमीटर खोलीला सरासरी २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. ज्वालामुखी प्रदेशांत ही वाढ अधिक असते. तेथे खोल विहिरी खोदून वाफ वर आणतात व तिच्यावर टर्बाइन चालवून वीज निर्माण करतात. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ साली अशा विजेवर प्रथम दिवे लावण्यात आले. आइसलँडमध्ये बहुतेक घरे याच उष्णतेने उबदार ठेवली जातात. महाराष्ट्रात वज्रेश्वरी व उन्हवरे येथील उष्ण झऱ्यांचा उपयोग मुख्यतः स्नानासाठी होतो.

या ऊर्जेसाठी इंधन जाळावे लागत नाही. तथापि ती एका ठिकाणी अमर्याद नसते. कॅलिफोर्नियातील ‘द गीझर्स’ क्षेत्रात अतिउपशामुळे वाफेचा दाब घटला व पुढे शुद्ध केलेले सांडपाणी भूगर्भात सोडावे लागले.