सुभद्रा, रखमाबाई आणि भाऊराव कोल्हटकर



तत्त्वज्ञानाच्या मास्तराला नाटकातल्या स्त्रीपार्टीशी काय देणंघेणं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. देणंघेणं आहे. एकाचं दुःख दुसऱ्यानं बोलून दाखवायचं, म्हणजे नेमकं काय होतं, हा आमच्या विषयातला जुना आणि अवघड प्रश्न. भाऊराव कोल्हटकरांचं आयुष्य पाहताना तो सारखा समोर येतो.

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. भारुडात लुगडं नेसलेला गडी तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पदर डोक्यावर, आणि खाली मिशी तशीच. तो सासूच्या नावानं रडतो आणि आपण हसतो. हा पुरुष आहे हे त्यालाही ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. लपवाछपवी काही नाही. पैठणच्या नाथांनी ही वाट किती मोकळी करून ठेवली, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं!

संगीत नाटकात मात्र मिशी गेली. तिथं प्रेक्षकानं विसरायचं होतं.

भाऊरावांचं मूळ नाव लक्ष्मण बापूजी कोल्हटकर. जन्म 1863 चा, बडोद्याचा. तिथंच कारकुनी करत होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं होतं आणि त्यांना गाणारी नायिका हवी होती. नायिका, म्हणजे अर्थातच पुरुष. 1882 मध्ये भाऊराव कंपनीत आले तेव्हा वय अवघं एकोणीस. रूप देखणं, आवाज उंच, पल्लेदार. लोक त्यांना लाडानं 'भावड्या' म्हणू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'सौभद्र' आलं आणि ते सुभद्रा झाले. समोर अर्जुन मोरोबा वाघोलीकरांचा. पुढं 1884 मध्ये 'रामराज्यवियोग' आलं, त्यात हेच भाऊराव मंथरा होते. देखण्या नटानं मंथरा करायची, हे आम्हाला सुभद्रेपेक्षाही मोठं धाडस वाटतं.

पण आपण सुभद्रेपाशी थांबू. तिची तक्रार काय? थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाला देऊ पाहतो आणि तिला अर्जुन हवा आहे. आपलं लग्न आपल्याला न विचारता ठरवलं जातंय, एवढंच तिचं दुःख. भाऊराव ते गाऊन सांगत आणि थिएटर तिच्या बाजूनं उभं राही. बलराम वडीलधारा आहे, त्याचं ऐकावं, असं म्हणत कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत.

आता त्याच काळातली मुंबई. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी झालं होतं. मोठी झाल्यावर तिनं नांदायला जायला नकार दिला. दादाजी कोर्टात गेला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो टिकला नाही, आणि मार्च 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. टिळकांसारख्यांनी तिच्या विरोधात भूमिका घेतली. धर्म बुडाला, शिकल्या की बायका अशाच होतात, ही भाषा झाली. नाटकाला गर्दी करणारा आणि हे बोलणारा वर्ग फार वेगळा नव्हता. शिकलेला, पांढरपेशा, पुण्या-मुंबईचाच.

दोघींचं म्हणणं एकच, मग एकीला टाळ्या आणि दुसरीला तुरुंगाची धमकी का? सुभद्रा पुराणातली, शेवटी कृष्ण सगळं जुळवून आणतो, हे खरंच. पण आमच्या मते आणखी एक कारण आहे. सुभद्रेचा शब्द पुरुषाच्या तोंडून येत होता. पडदा पडला की लुगडं पेटीत जाई आणि भाऊराव पुरुष म्हणून घरी जात. त्या दुःखाला दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहायचं नव्हतं. आणि रखमाबाईनं वर्तमानपत्रात पत्रं लिहिली तीही स्वतःच्या नावानं नव्हे, 'एक हिंदू स्त्री' या सहीनं. रंगमंचावर पुरुष बाईचं रूप घेऊन उघड गातो, आणि बाई मात्र नाव झाकून लिहिते!

हा प्रकार आपल्याकडचाच, असं समजू नका. जपानात काबुकी सुरू केलं ते ओकुनी नावाच्या बाईनं, 1603 च्या सुमारास. 1629 मध्ये सरकारनं बायकांना रंगमंचावर बंदी केली. पुढं पुरुष नायिका झाले. त्यांतला थोर नट योशिझावा अयामे, 1673 ते 1729. त्याचं म्हणणं असं, की स्त्रीपार्टी नटानं घरीदारीही बाईसारखं राहावं. बायको-मुलांचा विषय कुणी काढला तर लाजावं. स्वतःला मुलं होती, तीही नट झाली, ते सोडा. म्हणजे बायकांना आधी बाहेर काढलं आणि मग बाईपण म्हणजे काय याचे नियम पुरुषानं सांगितले. उतारवयात अयामेनं पुरुषभूमिका करून पाहिली. जमली नाही, परत फिरला.

भाऊरावांना ती जमली, ही त्यांची खरी थोरवी. अण्णासाहेब 1885 मध्येच गेले होते, कंपनीचा भार या मंडळींवर होता. वय वाढतं, अंग भरतं. नायिकेचं आयुष्य नटाच्या आयुष्याहून लहान. 1893 मध्ये देवलांच्या 'शापसंभ्रमा'त ते पुंडरीक झाले, मग 'वीरतनया'त शूरसेन. दहा वर्षं ज्याला नायिका म्हणून डोक्यावर घेतलं त्याला नायक म्हणून लोकांनी मान्य केलं. बालगंधर्वांना पुढं हे फारसं साधलं नाही. प्रेक्षकांनी त्यांना साडीतून बाहेर येऊ दिलं नाही, असं आम्ही म्हणू.

1899 मध्ये 'शारदा' आलं. पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी. हे पुराणातलं नव्हे, शेजारच्या वाड्यातलं. आणि तिच्यासाठी भांडणारा कोदंड होते भाऊराव. सतरा वर्षांपूर्वी जे सुभद्रा होऊन गायलं, तेच आता पुरुषवेषात, भर समाजात मांडायचं. शारदेचं काम मात्र अजूनही मुलगाच करत होता. मराठी नाटकात कुलीन घरातल्या स्त्रिया ठळकपणे दिसायला 1933 चं 'आंधळ्यांची शाळा' यावं लागलं.

भाऊराव फेब्रुवारी 1901 मध्ये पुण्यात वारले, चाळिशी गाठण्याआधी. त्यांचा आवाज ऐकायला मिळेल का, असं व्याख्यान संपल्यावर कुणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: नाही मिळणार. ग्रामोफोन कंपनीचे लोक यंत्र घेऊन हिंदुस्थानात आले ते 1902 च्या अखेरीस, कलकत्त्याला. सुरुवातीच्याच ध्वनिमुद्रणांत त्यांनी आवाज घेतला तो गौहरजानचा.