धोटा आणि विटाळ

शहरांत जात विरघळते, असें आम्ही सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातों. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. १८५६ सालीं तेथें पहिली सूतगिरणी चालूं झाली. पुढें कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें पोटासाठीं आलीं. विणकाम-खात्यांत मजुरी अधिक मिळे. पण अस्पृश्य गणलेल्या मजुरांस तेथें मज्जाव असे. कारण, धोट्याच्या छिद्रांतून धागा तोंडानें ओढावा लागे, आणि सोबत्यांस विटाळ होई! १९२८ च्या संपांत डॉ. आंबेडकरांनीं हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. मजुरींतील हें अंतर मनिऑर्डरीवाटे पुन्हां गांवींच पोंचे. स्थलांतराचे गोडवे गातांना त्या खात्याचें बंद दार वाचकांनीं आठवावें, एवढीच आमची विनंति.