लाळग्रंथीभोवतीची रेषा

१/ माजलगाव परिसरातला तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण किरणोपचारासाठी बार्शी, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईची वाट धरतो. उपचार सहा-सात आठवड्यांचे, आठवड्यातून पाच दिवस. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड कुटुंबाला एवढा काळ कामाविना काढणे जड जाते. त्यात किरण सुरू होण्यापूर्वीही थांबावे लागते. मित्रहो, आजचा धागा त्या थांबण्याच्या इतिहासाविषयी.

२/ लेडी मेहेरबाई टाटा यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मृतीतून परळचे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी खुले झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले.

३/ १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या किरणांनी उपचार सुरू झाले आणि पुढे हे यंत्र जगभर पोहोचले. त्या काळी आराखडा साधा असे. क्ष-किरण चित्र पाहून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी झोत सोडला जाई. कानाजवळच्या लाळग्रंथी त्यातच सापडत. गाठ विरली तरी तोंड कोरडे राही, अन् भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नसे.

४/ सीटी स्कॅन आणि संगणक आल्यावर झोताची तीव्रता जागोजागी बदलता येऊ लागली. या पद्धतीचे नाव आयएमआरटी. टाटा रुग्णालयाने ६० रुग्णांवर तिची आधीच्या त्रिमितीय पद्धतीशी तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाळग्रंथींची हानी आयएमआरटीत कमी होती.

५/ या लाभाची किंमत श्रमांत मोजावी लागली. स्कॅनच्या प्रत्येक कापावर डॉक्टरने गाठ, मज्जारज्जू आणि लाळग्रंथी यांभोवती रेषा आखायची. मग भौतिकशास्त्रज्ञाने मात्रेचे गणित मांडायचे. एका रुग्णामागे तासन् तास जातात. तज्ज्ञ मोजके, म्हणून रुग्ण थांबतो.

६/ कृत्रिम बुद्धिमत्ता येथे उपयोगी पडते. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात विकसित झालेली 'रेडिएशन प्लॅनिंग असिस्टंट' ही प्रणाली रेषा आणि आराखड्याचा मसुदा तयार करते. तो तपासून मंजूर करण्याची जबाबदारी डॉक्टरचीच राहते.

७/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न. यंत्र जुन्या तज्ज्ञांनी आखलेल्या रेषांवरून शिकते, म्हणजे दप्तरावरून. पेशवे दप्तरात ज्याची नोंद नाही, तो माणूस आपल्याला सहजी दिसत नाही, यंत्राचेही तसेच. पाश्चात्त्य देशांत विषाणूजन्य घशाचा कर्करोग वाढला आहे. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे गाल आणि हिरडीचा अधिक. त्यात बहुधा आधी शस्त्रक्रिया होते आणि जबड्याची मूळ रचना बदलते. असे चेहरे ज्या दप्तरात थोडे, त्यावर शिकलेले यंत्र आपल्या रुग्णापाशी चुकू शकते.

८/ म्हणूनच 'आर्चरी' हा अभ्यास महत्त्वाचा. भारत, जॉर्डन, मलेशिया आणि दक्षिण आफ्रिका येथील रुग्णालयांत यंत्राचे आराखडे तज्ज्ञांच्या कसोटीवर तपासायचे, वेळ आणि खर्चही मोजायचा, अशी त्याची योजना. गर्भाशयमुख, प्रोस्टेट आणि डोके-मान या तिन्ही कर्करोगांचे प्रत्येकी ३३०, एकूण ९९० रुग्ण हे उद्दिष्ट. टाटा रुग्णालय त्यात सहभागी आहे.

९/ नोंदीचे मोल आपल्या शेजारीच दिसते. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण तेव्हा पद्धतशीरपणे गणला जाऊ लागला.

१०/ शेवटी, माजलगावच्या रुग्णाचे दोन थांबे वेगळे मोजावेत. आराखड्यासाठीचे दिवस संगणक कमी करू शकेल. यंत्रापुढची रांग मात्र जवळपास आणखी यंत्रे आणि ती चालवणारी माणसे आल्यावाचून हटणार नाही.

भाभाट्रॉन या भारतीय कोबाल्ट यंत्राची कहाणी पुढील धाग्यात.