न्यूयॉर्क आधी, लंडन नंतर

परदेशात तीन-चार शहरं करायची असतील तर आधी कोणतं गाठावं? हा प्रश्न आता आमच्या रिठदसारख्या गावातही निघतो. कुणाचा पोरगा शिष्यवृत्तीच्या मागे लागलेला असतो, कुणाला लेकीकडं जाता जाता युरोप बघायचा असतो. बहुतेक वेळा उत्तर तिकीटच देतं: जिथलं विमान स्वस्त, ते शहर पहिलं. नाहीतर व्हिसा देतो. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियमच आहे, की जिथं जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडं अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखेच असले तर जिथून आत शिरणार त्या देशाकडं.

फिरायला जाणाऱ्याला एवढं पुरे. शिकायला जाणाऱ्याचं तसं नाही. त्याच्यासाठी शहरांचा क्रम आयुष्याची दिशा बदलू शकतो. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे, पण आपण ते नीट बघत नाही. बाबासाहेबांच्या पदव्या आपण मोजतो. त्या कोणत्या शहरात आधी आणि कोणत्या शहरात नंतर मिळाल्या, हे कुणी विचारत नाही.

त्या काळात शिकायला बाहेर पडणाऱ्या मराठी माणसापुढं निवड अशी नसायचीच. मुंबईला बोटीत बसायचं, एडन, सुएझ करत मार्सेयला उतरायचं आणि रेल्वेनं लंडन गाठायचं. बॅरिस्टर व्हायचं तर लंडन. आयसीएसची परीक्षाही 1922 पर्यंत फक्त लंडनलाच व्हायची. राज्य इंग्रजांचं, त्यामुळे मोठेपणाचा शिक्काही तिथलाच. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये डॉक्टर व्हायला अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या, पण अशी नावं बोटावर मोजण्याइतकी.

आता 1913 साल बघा. फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले. भीमराव बी.ए. झालेले, वय 22. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी. तीन वर्षं, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची, असा करार झाला. अमेरिका महाराजांनी 1906 मध्ये स्वतः पाहिलेली होती. बडोद्यात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवायलाही त्यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन हा अमेरिकन माणूसच आणला होता. म्हणजे सगळी वाट लंडनकडं जात असताना या राजाची नजर पलीकडं पोचलेली होती.

जुलै 1913 मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. तिथं काय मिळालं? एक म्हणजे विषयांची मोकळीक. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या वर्गांची यादी उपलब्ध आहे: अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3. वकिलीच्या सनदेसाठी कुणी एवढं वाचत नाही. सेलिग्मन, जॉन ड्युई, शॉटवेल, रॉबिन्सन असे गुरू भेटले. पुढं 1930 मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात त्यांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले सगळ्यात चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गमित्र आणि हे प्राध्यापक. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जातीचा प्रश्न पुराणातून किंवा कायद्याच्या पुस्तकातून न बघता समाजशास्त्राच्या अंगानं उलगडणारा हा निबंध त्या पहिल्या शहरातच तयार झाला.

लंडन आलं त्यानंतर. 1916 च्या उत्तरार्धात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत सरली, आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. इथंच थोडं थांबा. पहिल्या शहराला तीन वर्षं मिळाली, दुसऱ्याला एक वर्षही धड मिळालं नाही. हाच क्रम उलटा असता तर? तीन वर्षांत लंडनची सनद हातात पडली असती आणि न्यूयॉर्कच्या आधीच पैसे संपले असते. नामांकित बॅरिस्टर नक्की झाले असते. पण ड्युई, सेलिग्मन आणि जातींवरचा तो निबंध त्यांच्या वाट्याला आला असता का, हा प्रश्न उरतोच.

लंडन त्यांनी सोडलं नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांनी हात दिला. 1920 मध्ये परत गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी.; मध्ये 1922 ला काही काळ जर्मनीत बॉनलाही जाऊन आले. डी.एस्सी.चा विषय रुपयाचा प्रश्न. इंग्रजांच्याच राजधानीत बसून इंग्रजांच्या चलनधोरणाची चिरफाड केली. परीक्षकांना ती झोंबली आणि प्रबंध सुधारून द्यावा लागला. लंडनला पोचले तेव्हा ते दिपून जाण्याच्या वयाचे आणि तयारीचे राहिलेच नव्हते. तुलना करायला दुसरं शहर त्यांच्याकडं आधीपासून होतं.

आणि एक शहर परतीचंही असतं. 1917 मध्ये करारापोटी ते बडोद्याला गेले. कोलंबियाचा एम.ए., लंडनहून आलेला माणूस, पण राहायला जागा कुणी देईना. नाव बदलून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात ते सांगतात, की परदेशातल्या त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. न्यूयॉर्कमध्ये कुणाचीही परवानगी न मागता खोली मिळत होती, म्हणून बडोदं जास्त लागलं. आणि हे सगळ्या जगात असंच चालतं असं कुणी सांगितलं असतं तरी त्यांना ते पटणं शक्य नव्हतं.

हे आज सांगायचं कारण आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. वाशिम जिल्ह्यातली पोरं अर्ज भरतात आणि पहिली नजर जाते विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकावर, दुसरी शहराच्या नावावर. क्रमांकाची अट आहे, ती पाळावीच लागते. पण त्या यादीतही निवड करायला जागा असते. आपला विषय कुठं मोकळेपणानं शिकवला जातो, वर्गाबाहेरच्या वर्गात बसू देतात का, गुरू कोण आहेत, हे अर्ज भरण्याआधी विचारा. आणि ‘आधी नावाजलेल्या शहरात जाऊ, मनातला विषय पुढच्या खेपेला बघू’ असं मनात असेल, तर 1917 आठवा. शासनाचे पैसे असोत की बापानं वावर गहाण टाकून उभे केलेले, ते पहिल्या शहरातच संपू शकतात. म्हणून ज्या कामासाठी घर सोडलं ते काम जिथं होईल, ते शहर पहिलं.